लाइलच्या आठ डब्यांची सुधारणा

५ एप्रिल २०२१, सोमवार. सकाळी ९.
तळघरातलं कामाचं टेबल साफ केलं. ईस्टरचं उरलेलं हॅम खाऊन अंग जड झालंय, पण आजपासून शिस्त. ही वही त्यासाठीच. कोणी वाचायची नाही.

एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला, आता दोन वर्षं घरी आहे. थकवा अजून गेलेला नाही. आर्डिस म्हणते, कामाचा थकवा दोन वर्षं टिकत नाही, हा बसून आलेला आहे. बायको लायब्ररीत काम करते, तिला प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधायची सवय.

यंदा कार्यक्रम एकच. ९ ऑक्टोबरची पिस्तुलाची जोडी मॅच. दोघांनी खेळायचं, दोघांचे गुण एकत्र. मी आणि लाइल बाकेन. पहिल्या तीन जोड्यांना चीजचं अख्खं चाक मिळतं. आम्ही बारा वर्षं जातोय, सगळ्यात चांगला नंबर नववा. नेमाचा दोष नाही. दोष दुकानातल्या काडतुसांचा. ती बनवणारे सगळ्यांसाठी बनवतात, माझ्या मनगटाचा विचार कोण करणार? झटका जास्त बसतो. यंदा दोघांची काडतुसं मी स्वतः भरणार. रिकामी पुंगळी, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारा टिकलीएवढा प्रायमर, आत चिमूटभर पावडर, वर गोळी. चार जिन्नस. बटाट्याच्या सॅलडला याहून जास्त लागतात.

१७ एप्रिल, शनिवार.
लाइलकडे जाऊन बेत सांगितला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की डॉक्टरकडे गेलो होतो. उजव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. डावाही त्याच वाटेवर आहे. पुढच्या वसंतापर्यंत गाडीचं लायसन्स काढून घेतील. म्हणजे ऑक्टोबरची मॅच ही शेवटची.

लाइल चौऱ्याहत्तरचा. टँकर मागे घ्यायला मला त्यानंच शिकवलं, पिस्तूल धरायलाही. मग तोच म्हणाला, दर गुरुवारी चारला नेमबाजीच्या रेंजवर ये, दोघं मिळून सराव करू, उन्हाळा आहे तोवर खेळून घेऊ.

मी त्याला शब्द दिला की ही मॅच आपण अशी खेळू की लोक नाव काढतील. त्यासाठी पहिली गोष्ट पावडर.

संकल्प: दर गुरुवारी रेंज. मे अखेर पावडर पक्की.

२२ एप्रिल, गुरुवार.
रेंजवर जाणं जमलं नाही. वजनकाटा तपासत होतो. तीनदा तेच वजन ठेवलं, तीनदा वेगळा आकडा आला. शेवटी कळलं की हीटरचा वारा लागतोय. हीटर बंद करून, कोट घालून बसलो. अशी कामं अर्धवट सोडता येत नाहीत. लाइलला फोन केला. तो म्हणाला, बरं.

६ मे, गुरुवार. संध्याकाळी ७.
तीन पावडरी तुलनेला घेतल्या. पिवळ्या डब्यातली, करडी, आणि एक चपट्या कणांची जिच्या डब्यावरचं लेबल गेलंय. ती लगेच बाहेर ठेवली. बिनलेबलाची पावडर मूर्ख माणूस वापरतो.

नियम इथे लिहून ठेवतो, कारण सगळं याच्यावर आहे. गोळीचं वजन गुणिले गोळीचा वेग, त्यातून एक आकडा येतो. तो एकशे पंचवीस तरी हवा. मॅचच्या दिवशी अधिकारी तुमच्याच काडतुसांतली आठ उचलतात आणि वेग मोजायच्या यंत्रापुढे झाडतात. आकडा कमी आला तर खेळा खुशाल, पण गुण शून्य. म्हणून अडाणी लोक एकशे पस्तीस, चाळीसचं भरतात आणि झटके खात बसतात. शहाण्यानं एकशे पंचवीसच्या जरासं वर थांबावं. झटका कमी, नेम स्थिर. किती सोपं आहे! बारा वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही, याचं नवल वाटतं.

करडी पावडर बरी वाटते. आज रेंज राहिली.

१३ जून, रविवार.
प्रायमर मिळत नाहीत. कुठेच नाहीत. तीन गावं फिरलो. हार्डवेअरवाला म्हणाला, व्हर्लिन, माझ्याकडे असते तर मी या काउंटरमागे उभा राहिलो असतो का?

अडचण जास्त आहे, कारण मी मार्चमध्ये पिस्तुलाची घोड्याची स्प्रिंग बदलून हलकी टाकली. ट्रिगर लोण्यासारखा झाला. मात्र घोडा आता हलका पडतो, म्हणून प्रायमर मऊ पत्र्याचा लागतो. लाइलच्या पिस्तुलातही मीच तशी स्प्रिंग घालून दिली होती, वाढदिवसाची भेट म्हणून.

२४ जून, गुरुवार.
आयोवातल्या एका माणसाकडे हजार प्रायमर आहेत असं कळलं. पैसे नको म्हणाला, पैसे सगळेच देतात. मग फ्रीझरमधली हरणाची सॉसेजेस देऊन सौदा केला. जाऊन येऊन आठ तास. गुरुवार गेला, पण काम झालं. लाइल म्हणाला, बरं, मी जातो एकटाच.

आर्डिसनं फ्रीझर उघडला आणि बराच वेळ तसाच उघडा ठेवला. मग विचारलं की ख्रिसमसला तुझ्या बहिणीला काय वाढू, टिकल्या का?

८ जुलै, गुरुवार. (रेंजवर गेलो. लिहून ठेवतो.)
आयोवाचे प्रायमर रायफलचे निघाले. माप तेच, पण पत्रा जाड. डबीवर लिहिलेलं होतं. सौद्याच्या गडबडीत डबी कोण वाचतं?

दहा झाडायला गेलो, सात नुसती खट्ट वाजली. लाइल मागे उभा होता. म्हणाला, व्हर्न, एक सांगू का, गोळी सुटलीच नाही आणि तुझं पिस्तूल मात्र जमिनीकडे वाकून बघतंय. झटका यायच्या आधीच तू त्याला घाबरून मनगट खाली पाडतोस. बारा वर्षं हेच चाललंय लेका, पावडर गेली खड्ड्यात.

मी त्याला समजावलं की वारा होता. त्यानं झेंड्याकडे पाहिलं. झेंडा लोंबत होता, पण झेंडा उंचावर असतो आणि त्याची नजर अशी. वाद घातला नाही.

तो स्वतः डाव्या डोळ्यानं नेम धरायला शिकतोय. मान वाकडी करून, पिस्तूल डावीकडे आणून. पहिले दोन महिने भिंतीलाही लागत नव्हतं म्हणे, आता पत्रा वाजतो. या वयात एकट्यानं शिकला. मला जरा वाईट वाटलं की मी नव्हतो.

संकल्प: पुढचा प्रत्येक गुरुवार.

२ ऑगस्ट, सोमवार.
मधले तीन गुरुवार स्प्रिंगच्या विचारात गेले. जुनी जड स्प्रिंग परत घालावी, असं आर्डिस सुचवते. लायब्ररीतल्या बायकांना सगळं सोपं वाटतं.

आज लाइल आला आणि टेबलावर आठ डब्या ठेवल्या. दुकानातली तयार काडतुसं, डबीत पन्नास, त्याच्या कपाटात दोन वर्षं पडून होती. मऊ प्रायमरची आहेत, त्यानं तसल्याच दुसऱ्या डबीतली दोन झाडून बघितली. म्हणाला, हे घे, चारशे आहेत, दोघांना पुरून उरतील. आता तळघरातून वर ये आणि खेळायला चल.

काडतुसं चांगली आहेत. झटका तेवढा जास्त, आकडा एकशे तेहेतीस तरी असेल. मी त्याचे आभार मानले.

रात्रभर विचार करतोय. चारशे मऊ प्रायमर माझ्या टेबलावर आहेत. फक्त ते चुकीच्या काडतुसात बसलेत.

१४ ऑगस्ट, शनिवार.
उपाय सापडला. काडतूस फोडायचा हातोडा असतो. पोकळ डोक्यात काडतूस उलटं अडकवायचं आणि फरशीवर आपटायचं. दोन-तीन दणक्यांत गोळी आणि पावडर सुटते, प्रायमर पुंगळीत जिथल्या तिथे राहतो. मग त्यात माझी करडी पावडर मोजून टाकायची आणि तीच गोळी पुन्हा बसवायची. म्हणजे काडतूस तेच, फक्त सुधारलेलं.

आज साठ फोडली. खांदा दुखतोय. आर्डिस जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली की मला नीट समजू दे, चांगल्या काडतुसांची तू मोडतोड करून पुन्हा काडतुसं बनवतोयस? मी म्हटलं, सुधारणा. ती म्हणाली, याला माझी आजी हात दाखवून अवलक्षण म्हणायची. आणि चर्चचं ऑर्गन वाजवायला गेली. तिथे शांतता असते म्हणे.

१९ ऑगस्ट, गुरुवार.
एकशे नव्वद झाली. रेंज नाही. खांद्याला बर्फ लावून बसलोय. लाइलनं फोनवर विचारलं की आवाज कसला येतोय. मी म्हटलं, मॅचची तयारी. त्याला सरप्राइज देणार आहे.

२५ ऑगस्ट, बुधवार.
चारशे फोडून झाली. दुकानातली पावडर आर्डिसच्या टोमॅटोच्या वाफ्यात पसरली. जुने लोक सांगतात, खतासारखी लागू पडते.

हिशोब: मॅचला एकेकाला एकशे साठ, म्हणजे तीनशे वीस. चाचणीला ऐंशी.

१२ सप्टेंबर, रविवार. दुपारी २.
सुवर्णदिन.
ऊन एवढं की रेंजवरच्या बाकावर बसवेना. चाचणीची ऐंशीच्या ऐंशी यंत्रापुढे झाडली. पावडर कणाकणानं कमी करत आणली आणि शेवटच्या वीसचा आकडा एकशे सव्वीस! लागतात एकशे पंचवीस. झटका म्हणजे मांजरानं हात चाटल्यासारखा. पत्र्याची सहा लक्ष्यं, त्यातली चार पाडली. पिस्तूल खाली वाकतंय का, हे बघायला कोणी नव्हतं, म्हणून वाकलं नसणार.

लाइलला काडतुसं दाखवली आणि सगळं सांगितलं. त्यानं एक काडतूस हातात धरून बोटानं चाचपलं. विचारलं, ही माझीच? मी म्हटलं, तुझीच, पण आता चांगली झालेली. त्यानं ते परत माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, व्हर्न, आज घाम गळतोय. ऑक्टोबरात सकाळी गवतावर पांढरं असतं. थंडीत काही पावडरी मंदावतात, तुला ठाऊक आहे.

मी सांगितलं, वजन गुणिले वेग, गणित कुठल्याही महिन्यात तेच. आकडा एकनं वर ठेवलाय, तो थंडीसाठीच. तो म्हणाला, बरं.

त्याचं हे 'बरं' हल्ली फार होतंय. वय झालं.

३० सप्टेंबर, गुरुवार.
तीनशे वीस काडतुसं भरून, पुसून, दोन डब्यांत रचली. बघत राहावीशी वाटतात. थंडीत एकदा यंत्रापुढे झाडून बघावं असं मनात आलं होतं, पण एकही जास्तीचं नाही. मॅचमधलं कमी करणार? तो मूर्खपणा होईल. शिवाय खात्री असलेल्या गोष्टीची चाचणी घेणारा माणूस मुळात खात्रीचा नसतो.

आज लाइलकडे जाणार होतो. अंगात त्राण नाही.

८ ऑक्टोबर, शुक्रवार.
बाहेर पाण्याच्या बादलीवर पापुद्रा धरलाय. काडतुसांच्या डब्या पांघरुणात गुंडाळून ठेवल्या. आर्डिसनं विचारलं की माझी जादा रजई कुठे गेली. उद्या तिलाच अभिमान वाटेल.

९ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६.
जसं झालं तसं लिहितो.

सकाळी गवत पांढरं होतं. लाइलला घेऊन सातला पोचलो. रोक्सॅन पेलिशेक वेग मोजायच्या टेबलावर होती. पूर्वी कोर्टात कारकून होती, अजूनही तशीच बघते. तिनं आमच्या दोघांच्या डब्यांतून आठ-आठ काडतुसं उचलली आणि तिथेच थंडीत ट्रेमध्ये ठेवली. मी विचारलं की सावलीत कशाला, उन्हात ठेवा. ती माझं आडनाव घेऊन म्हणाली, टोस्ट्रुड, ही काडतुसं आहेत, अंडी नाहीत.

पहिल्या दोन स्टेज, म्हणजे फेऱ्या, खेळलो. माझ्या नेहमीसारख्या झाल्या. लाइलनं पहिल्याच गोळीनंतर क्षणभर थांबून पिस्तुलाकडे पाहिलं, मग पुढचे सगळे पत्रे पाडले. मग म्हणाला की डोळ्यांना विश्रांती देतो, आणि गाडीत जाऊन बसला.

तेवढ्यात रोक्सॅननं मला बोलावलं. माझी आठही झाडली होती. एकशे एकोणीस. लाइलची आठ झाडली. एकशे अठरा. तिनं टोपी खाली ओढली आणि म्हणाली, नियम तुला माहीत आहे, दोघंही शून्य. मी म्हटलं, यंत्र बघा. तिनं माझ्या मागच्या माणसाची झाडून दाखवली, एकशे चौतीस. यंत्र नीट होतं.

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, लाइलला सांगू नका, त्याची शेवटची मॅच आहे. ती म्हणाली, सांगणं माझं काम नाही, ते तुझं आहे.

गाडीकडे गेलो. तो डोळे मिटून बसला होता, मांडीवर आर्डिसची रजई. काच खाली करून विचारलं त्यानं की झालं का मोजून. मी म्हटलं, झालं. तो म्हणाला, मग चल.

उरलेल्या सहा स्टेज तो मान वाकडी करून असा खेळला की मागच्या जोडीतले लोक कॉफी हातात धरून बघत राहिले. शेवटच्या स्टेजला एकही चुकली नाही. चाळीस वर्षांत असा खेळला नसेल. प्रत्येक गोळीला मी मनात म्हणत होतो, शून्य, शून्य.

परतताना त्यानं विचारलं, कितवे आलो रे? बोर्डावरचं मला वाचता आलं नाही.
मी म्हटलं, चौथे.
तो म्हणाला, चौथे! बारा वर्षांत पहिल्यांदा. आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

चीजसाठी एकच नंबर कमी पडला, असंही मी सांगितलं. खोटं बोलताना मला थकवा येत नाही, हे आज लक्षात आलं.

१० ऑक्टोबर, रविवार.
चर्चला गेलो नाही. एकशे सव्वीसऐवजी एकशे तेहेतीस ठेवलं असतं तर. ते तर डब्यांत होतंच. मी फोडलं.

हे वाक्य खोडायचं होतं, पण राहू दे.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.
आर्डिसला चर्चमध्ये गाण्याची तालीम होती, म्हणून लाइलला घेऊन मीच नदीकाठच्या सपर क्लबात शुक्रवारचे तळलेले मासे खायला गेलो. टेबलावर आम्ही सहाजण. लाइल बसल्या बसल्या सगळ्यांना सांगायला लागला की आम्ही चौथे आलो. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. मी मासा खाली बघून खात होतो. मागच्या टेबलावर रोक्सॅन पेलिशेक बसली होती. तिनं मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, लाइलकडे पाहिलं, आणि पुन्हा आपल्या कोबीच्या सॅलडकडे वळली. बाईवर मी उगाच राग धरला होता.

बाहेर पार्किंगमध्ये लाइलनं माझं कोपर धरलं. दिव्यांचा आता त्याला त्रास होतो. चालता चालता म्हणाला, व्हर्न, पहिल्या गोळीलाच कळलं होतं मला. चाळीस वर्षं झाडतोय. एकशे पंचवीसची गोळी कशी सुटते आणि खोकलेली कशी सुटते, त्याला डोळे लागत नाहीत.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललास?

तो म्हणाला, बोललो असतो तर तू तिथेच वही काढून हिशोब मांडला असतास. अख्खा उन्हाळा मी तो हिशोब ऐकला रे. मला एक दिवस तुझ्याबरोबर खेळायचं होतं.

मी सॉरी म्हटलं. एप्रिलपासूनच्या सगळ्या गुरुवारांबद्दल म्हटलं. तो म्हणाला, बरं. मग गाडीचा दरवाजा चाचपत म्हणाला, पण चौथा नंबर चांगला काढलास हं. तिसरा म्हणाला असतास तर लोकांनी चीज दाखव म्हटलं असतं. वर्षभरात तेवढंच एक माप तू बरोबर घेतलंस.

त्याला बसवलं, पट्टा लावून दिला, घरी सोडलं.

घरी आलो तर आर्डिस आलेली होती. तिनं विचारलं, काय म्हणाला लाइल? मी म्हटलं, मासा चांगला होता म्हणाला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, मासा चांगला होता तर मग रडतोस कशाला?